दुखायचं थांबलं तेव्हा

बद्रीनाथनं मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. बांधाच्या कडेला एक पाय टेकवून तो म्हणाला, "इब्राहीम, सोमवारी जेसीबी येतोय. तोवर बाग मोकळी कर."

इब्राहीम खांद्यावर पाटी घेऊन उभा होता. त्यानं ती खाली ठेवली नाही. "बद्रीभाऊ, बोली दिवाळीपातुर झाली व्हती."

"झाली व्हती. जमीन घेणाऱ्याला आता घाई झाली. तिथं माझं काय चालतंय? जे हाय ते उतरव."

"कच्चं सीताफळ उतरवून कोण खातंय? ते पिकत नाय, काळं पडतं."

"मग पिकलेलं उतरव. पाच दिवस हाईत." गाडी वळली, आणि तिची धूळ इब्राहीमच्या पाटीतल्या फळांवर बसली.

दौलताबादच्या किल्ल्याच्या मागच्या अंगाला ही दोन एकरांची बाग. सात वर्षं इब्राहीम बद्रीनाथकडून तिचा बहार, म्हणजे हंगामातली सगळी फळं, ठरीव पैशांत घेत होता. यंदा नवरात्रात पाऊस झाला, मग कडक ऊन पडलं आणि सगळी झाडं एकदम फळावर आली. मजूर मिळेना, शिवारातली सगळी माणसं कापूस वेचायला गेलेली. घरचेच काय ते चौघं: तो, त्याची बायको बिल्किस, पंधरा वर्षांची तबस्सुम, आणि झाडाखाली बसून क्रेट भरणारी त्याची म्हातारी आई. तिला सगळे अम्मीच म्हणायचे.

त्यातलं खरं काम बिल्किसचं होतं. सीताफळाच्या खवल्यांमधल्या खाचा पिवळसर होऊन उकलल्या की फळानं डोळा उघडला म्हणतात. एक दिवस आधी तोडलं तर ते दगड राहतं, एक दिवस उशीर झाला तर क्रेटात त्याचा चिखल होतो. बिल्किस चालता चालता बोट दाखवायची, हे आज, हे उद्या, हे परवा, आणि तिचं बोट कधी चुकायचं नाही. इब्राहीमला सात वर्षांत ते जमलं नव्हतं.

त्याच दिवशी, बुधवारी दुपारी ती झाडाखाली थांबली आणि उजव्या गालावर तळवा दाबून उभी राहिली.

"काय झालं?"

"दाढ."

खालची, शेवटून दुसरी. तिच्यात दोन वर्षांपासून खड्डा होता. भाकरीचा कण अडकला की ती काडीनं काढायची आणि वर मिसरी दाबायची. तबस्सुम पोटात असताना मळमळ थांबावी म्हणून तिनं तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावायला सुरुवात केली, ती पुन्हा सुटली नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, अंग टाकताना एकदा. मिसरी लागली की हिरड्या बधिर व्हायच्या आणि ठणका मागं सरायचा. या वेळी तो सरला नाही.

संध्याकाळी अम्मीनं लवंग चावायला दिली. लवंगेनं जीभ पोळली, दाढ तशीच. मग इब्राहीमनं डोकेदुखीची गोळी आणली. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं ती गिळायला न देता दाढेपाशी दाबून धरायला लावली. सकाळी तिथली हिरडी भाजल्यासारखी पांढरी झाली होती. बोट लावलं की सालटं निघायचं.

गुरुवारी बिल्किसनं ओढणी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली आणि कामाला लागली. खाली वाकली की ठणका कानात जायचा, वर पाहिलं की कपाळात. फळ हातात घेऊन ती डोळे मिटून उभी राहायची, श्वास सोडायची आणि मग देठ पिरगाळायची. दुपारी तिनं पाटी ठेवली आणि बांधावर बसली.

"मला दवाखान्यात न्या," ती इब्राहीमला म्हणाली. "काढून टाकू दे एकदाची."

क्रेटावरून अम्मी म्हणाली, "दाढ काढू नक्को गे. नजर जाते. तुझ्या माँचं काय झालं?"

बिल्किसनं ओढणीची गाठ चाचपली. खुलताबादला तिच्या आईनं एका हिवाळ्यात तीन दाढा काढल्या होत्या आणि पुढच्या हिवाळ्यात तिला समोरचं माणूस ओळखू येईना. आता ती भिंत धरून मोरीपर्यंत जाते. दाढांनीच नजर नेली असं घरात सगळे म्हणायचे. बिल्किसही तसंच समजायची.

तिनं झाडांकडं पाहिलं. मग इब्राहीमकडं.

"तुम्ही काय म्हणता?"

"सोमवार होऊ दे," तो म्हणाला. "सोमवारनंतर बगू."

ती उठली, ओढणीची गाठ आणखी घट्ट केली आणि पुढच्या ओळीत गेली.

शुक्रवारी सकाळी ती उठली तेव्हा दाढ दुखत नव्हती.

तिनं जिभेनं चाचपलं, बोटानं दाबलं. काही नाही. चहात बुडवून अख्खी भाकरी खाल्ली. अम्मीनं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि म्हणाली, लवंगेचा गुण उशिरा येतो. इब्राहीम मोकळा हसला. जुम्याची नमाज पढून तो परतला तेव्हा बिल्किस आणि तबस्सुमनं मिळून बत्तीस क्रेट भरून ठेवले होते.

"माँ, तुझ्या तोंडाला वास येतोय," ओणवी होऊन आईबरोबर क्रेट उचलताना तबस्सुम म्हणाली.

"आतून खारट खारट सुटतंय," बिल्किस म्हणाली. "साचलेलं जात असंल. बरं हाय ना."

शनिवारी सकाळी तिचा जबडा उघडेना. एक बोट जेमतेम आत जात होतं. उजव्या जबड्याच्या खाली सूज आली होती, पण ती गळवासारखी मऊ नव्हती. हाताला लाकूड लागावं तशी टणक होती. अंग तापलं होतं. अम्मीनं वीट गरम करून फडक्यात गुंडाळली आणि शेक दिला. बिल्किसनं चहा बशीतून ओठांनी ओढून घेतला, अर्धा हनुवटीवरून ओघळला, आणि ती बागेत आली.

इब्राहीमनं तिला येताना पाहिलं. त्याच्या मनात आलं की हिला म्हणावं, घरी जा. पण त्यानं ओळी मोजल्या. नऊ राहिल्या होत्या. त्यानं पाटी उचलली.

अकराच्या सुमारास बद्रीनाथची बायको, वच्छलाबाई, बांधावरून आली. बागेतली शेवटची फळं लेकीला न्यायची म्हणून तिनं पिशवी आणली होती. बिल्किस तीन ओळी पलीकडं पाठमोरी होती. ती वळली आणि वच्छलाबाईचा हात पिशवीवरच थांबला.

"अगं बाई, इब्राहीम, हिचं तोंड बघितलंस का?"

"दाढ सुजलीय."

"ही दाढ दिसत नाय मला. मानेपातुर आलंय. आमची गाडी आत्ता पुंडलिकनगरला चाललीय, पोरीकडं. बसव हिला. वाटंत घाटीत उतरवते, मी स्वतः आत नेते."

घाटी म्हणजे शहरातलं मोठं सरकारी हॉस्पिटल. पाऊण तासाची वाट. इब्राहीमनं बिल्किसकडं पाहिलं. ती पुन्हा झाडाकडं वळली होती आणि एका फांदीवरच्या चार फळांमधून दोन निवडत होती.

"नाय बाई," तो म्हणाला. "कालपासून दुखायचं थांबलंय. उतार पडलाय. सोमवारी नेतो मी."

"तिला तरी इचार."

"तीच म्हणली," इब्राहीम म्हणाला.

वच्छलाबाईनं एकदा बिल्किसच्या पाठीकडं पाहिलं. मग तिनं पिशवीत फळं घेतली आणि गेली. बांधापलीकडं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो आवाज लांब जाईपर्यंत इब्राहीम हातातलं फळ तसंच धरून होता. ते कच्चं होतं. तरी त्यानं ते क्रेटात टाकलं.

तीन वाजता तबस्सुम ओरडली.

"अब्बा! अब्बा, इकडं या!"

बिल्किस जमिनीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, मान पुढं काढून. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि तिला ती गिळता येत नव्हती. सूज आता दोन्ही बाजूंना होती. हनुवटी आणि गळा वेगळे दिसतच नव्हते. जीभ वर उचलली जाऊन दातांत दिसत होती. तिनं काही बोलायचा प्रयत्न केला, पण तोंडात गरम घास असल्यासारखा नुसता घुमल्यासारखा आवाज आला.

"आडवी कर तिला, आडवी कर," म्हणत अम्मी धावत आली आणि तिचे खांदे धरून मागं लोटू लागली. बिल्किसनं हात झाडले. पाठ टेकली आणि तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज निघाला, डोळे मोठे झाले. तिनं सासूला ढकललं, उठून बसली आणि पुन्हा मान पुढं काढली. तेव्हा श्वास चालू झाला.

"तिला बसूच दे!" इब्राहीम आईवर ओरडला. आईवर त्यानं आजवर आवाज चढवला नव्हता.

क्रेट न्यायला गोकुळचा छोटा टेम्पो बांधावर लागलेला होता. गोकुळ रोज दुपारी माल जाधववाडीच्या मंडईत पोचवायचा. निम्मा टेम्पो भरून झाला होता. त्यानं एकदा बिल्किसकडं पाहिलं आणि काही न विचारता मागची फळी पाडली. दोघांनी क्रेट खाली ओढले, काही उलटे पडले, फळं मातीत गडगडली. बिल्किसला पुढं गोकुळशेजारी बसवलं. तबस्सुम तिच्या पलीकडं दाराला चिकटून बसली. इब्राहीम मागं उभा राहिला, केबिनच्या काचेला तोंड लावून.

शनिवार होता. किल्ला बघायला आलेल्या गाड्यांची रांग दूरपर्यंत लागली होती. पुढं जुन्या तटाचा दरवाजा, एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढा. त्यात समोरून आलेली सहलीची बस अडकली होती. मागं घेता येईना, पुढं येता येईना. हॉर्न वाजत होते. पेरूवाले काचांमधून पेरू दाखवत होते.

काचेतून इब्राहीमला बिल्किसची पाठ दिसत होती. श्वास घेताना तिचे खांदे कानापर्यंत जात आणि खाली येत. तो ते मोजू लागला. मग मोजणं सोडलं, कारण दोन श्वासांमध्ये फार वेळ जातोय असं त्याला वाटायला लागलं.

तबस्सुमनं दार उघडलं आणि उडी मारली. ती गाड्यांमधून पळत दरवाजापर्यंत गेली. इब्राहीमला लांबून तिचे हात दिसत होते. ती प्रत्येक काचेवर थापा मारत होती. एक जाड माणूस खाली उतरून तिच्यावर खेकसला, तिनं मागं टेम्पोकडं बोट केलं. तो माणूस पाहत राहिला, मग त्यानंच आपली गाडी रस्त्याखाली खडीत उतरवली आणि मागच्यालाही हात केला. बस इंच इंच मागं सरकली. दोन आरसे एकमेकांवर घासले. गोकुळनं टेम्पो त्या फटीतून घातला. तबस्सुम पळत येऊन मागच्या फळीला लोंबकळली आणि इब्राहीमनं तिला दंडाला धरून वर ओढलं.

पडेगाव, छावणी. छावणीच्या बाजारात गोकुळनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

घाटीत स्ट्रेचरवर झोपवायला माणसं आली तेव्हा तबस्सुमच म्हणाली, "झोपवू नका, तिचा श्वास जातो." चष्मा लावलेल्या एका तरुण डॉक्टरीण बाईनं ते ऐकलं आणि ती पळत आली. मेघा तिचं नाव, खिशावरच्या पट्टीवर लिहिलेलं.

"बसवूनच आणा. कधीपासून आहे?"

"सूज सकाळपास्नं," इब्राहीम म्हणाला. "पण दुखायचं कालच थांबलं व्हतं. आम्हाला वाटलं..."

"थांबलं, कारण दाढेतली नस मेली." ती बोलता बोलता बिल्किसच्या हनुवटीखाली बोटं दाबत होती. "मेलेली नस दुखत नाही. पू तिथून हाडात गेला, आता जिभेखाली आणि गळ्यात उतरलाय. जीभ वर उचलली जातेय. श्वासाची वाट बंद व्हायला लागली आहे. ऐकताय ना तुम्ही?"

"दाढेनं?"

"हो, दाढेनं. एका दाढेनं माणूस जातं. दात कशानं घासतात या?"

"मिसरीनं."

तिनं मान हलवली, आश्चर्य नव्हतं त्यात. "मिसरीनं बधिर होतं, म्हणून खड्डा किती खोल गेला ते कळत नाही. हे बघा, भूल देऊन नळी घालायला तोंड उघडायला हवं, आणि यांचं तोंड उघडत नाही. नाकातून प्रयत्न करू. नाही जमलं तर गळ्याला भोक पाडून श्वास चालू ठेवावा लागेल. मग मानेला छेद देऊन पू काढायचा आणि दाढ काढायची. इथं सही करा."

इब्राहीमनं पेन धरलं. बोटांना सीताफळाचा चिकटा होता, कागद हाताला चिकटला.

"मॅडम," तो म्हणाला, "दाढ काढली तर हिची नजर..."

डॉक्टरीण थांबली. चिडेल असं त्याला वाटलं, पण ती चिडली नाही.

"कुणाची गेली का घरात?"

"हिच्या आईची."

"त्यांना साखर आहे?"

"हाय. लई वर्षांपास्नं."

"साखरेनं दातही हलतात आणि डोळेही जातात. दाढ काढल्यामुळं नाही गेले. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. त्यांना घेऊन या नंतर, कदाचित मोतीबिंदूही असेल. आता सही करा."

त्यानं सही केली. खाकी कपड्यातल्या माणसानं बिल्किसची खुर्ची ढकलली. ती वळून बघू शकत नव्हती. तिनं एक हात मागं केला, आणि तो हात इब्राहीमनं धरायच्या आत तबस्सुमनं धरला. दार बंद होईपर्यंत ती बरोबर चालत गेली.

बाप आणि लेक बाकावर बसले. उन्हं खिडकीतून फरशीवर उतरली, मग भिंतीवर चढली. तबस्सुमच्या पायातली एक चप्पल वाटेत कुठं तरी गेली होती.

"सकाळी बाई गाडी घेऊन आल्त्या," ती समोर बघत म्हणाली. "मी क्रेट उचलत व्हते. मी ऐकलं."

इब्राहीम बोटांवरचा सीताफळाचा चिकटा खरवडू लागला.

"माँला नाय सांगणार मी," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

संध्याकाळचे दिवे लागले तेव्हा डॉक्टर मेघा बाहेर आली. नळी नाकातून गेली होती, गळ्याला भोक पाडावं लागलं नव्हतं. दाढ निघाली होती. मानेत दोन रबरी नळ्या बसवल्या होत्या, अजून पू वाहणार होता. "अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी हे बोलत नसते," ती म्हणाली आणि आत गेली. इब्राहीमनं तिथंच फरशीवर बैठक मारली.

रविवारी तबस्सुम बसनं घरी गेली. तिनं आणि अम्मीनं मिळून जमेल तेवढं तोडलं. तबस्सुम आईसारखं बोट दाखवत होती आणि निम्मं चुकत होतं. सोमवारी सकाळी जेसीबी आला. अम्मीनं फोन करून सांगितलं की यंत्राच्या हाताखाली झाडं मुळा उपटावा तशी निघतायत, वरची फळं तशीच. इब्राहीम वॉर्डात बिल्किसच्या खाटेशी उभा राहून ऐकत होता. त्यानं फोन ठेवला आणि ती नजरेनं विचारत होती म्हणून नुसती मान हलवली. तिनं डोळे मिटले. तिच्या मानेतल्या नळीतून पिवळं पाणी पट्टीवर उतरत होतं.

आठव्या दिवशी ती घरी आली. जखम भरत होती, पण तोंड दीड बोटाच्या वर उघडत नव्हतं. जबड्याचे स्नायू आखडले होते. डॉक्टर मेघानं आइस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी पट्ट्यांची जुडी दिली. सात पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, मग मधोमध आणखी एक सरकवायची. दुखेल, पण सोडायचं नाही. दिवसातून पाच वेळा. मऊ ब्रश, मिठाच्या पाण्याच्या चुळा, आणि मिसरीचा डबा त्याच दिवशी घराबाहेर. अम्मीनं तो शेजारणीला दिला, मग तबस्सुमनं जाऊन परत आणला आणि उकिरड्यावर फेकला.

पट्ट्या घालायचं काम इब्राहीमचं. दुपारी अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, ती पाटावर बसायची आणि तो समोर उकिडवा. नवी पट्टी सरकली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती त्याच्या मनगटावर नखं रोवायची. त्याच्या हातावर ओरखड्यांच्या रांगा झाल्या. सातवरून नऊ, नऊवरून बारा. पंधरा दिवसांनी सतरा.

त्या दिवशी सतरावी पट्टी बसली, आणि इब्राहीमनं मागचं दार बघितलं. तबस्सुम शाळेत होती, अम्मी आत पडली होती.

"एक सांगायचंय," तो म्हणाला.

तिच्या तोंडात सतरा पट्ट्या होत्या. ती नुसती बघत होती.

"शनिवारी सकाळी वच्छलाबाई गाडी घेऊन आल्या व्हत्या. तुला घाटीत न्यायला. मी नाय म्हणलं. म्हणलं, उतार पडलाय. त्यांनी म्हणलं तिला इचार, तर म्हणलं, तीच म्हणली." तो जमिनीकडं बघत बोलत होता. "नऊ ओळी राहिल्या व्हत्या. मला दिसत व्हतं सगळं. तुझी मान सुजलेली दिसत व्हती. मी ओळी मोजल्या."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. त्यानं मान वर केली.

बिल्किसनं दोन्ही हातांनी जबडा धरला आणि पट्ट्या एकदम न ओढता एकेक करून बाहेर काढल्या. लाळ ओढणीनं पुसली. पट्ट्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"माझं तोंड भरलेलं असताना सांगायचं सुचलं व्हय तुम्हाला?"

"बिल्किस..."

"बोलू नक्का. आता मी बोलनार."

आणि ती बोलू लागली. शब्द घासत येत होते, ओठांच्या कडा ताणल्या जाऊन पांढऱ्या पडत होत्या. ती शनिवारचं बोलली, गुरुवारी बांधावर बसून विचारलं होतं त्याचं बोलली. स्ट्रेचरवर आडवं करत होते तेव्हा काय वाटलं ते बोलली. मग त्याच्या मागचं, सात वर्षांतलं, त्याच्याही मागचं, तबस्सुमच्या वेळचं. कुठं आवाज चढला की जबडा कळ मारायचा, ती थांबायची, गाल दाबायची आणि पुन्हा सुरू करायची. अम्मी आतून उठून दारात आली, ऐकलं, आणि आत जाऊन बसली.

इब्राहीम ओल्या पट्ट्या हातात धरून समोर उकिडवा बसला होता. पाय मुंग्यांनी भरले होते. तो हलला नाही, आणि एकदाही मध्ये बोलला नाही.